मृगया आणि हमाली

शिकाऱ्यांनी तंदुरुस्त राहण्यासाठी करायचा म्हणून जो व्यायाम सध्या शिकवला जातो, त्यात शिकार अगदी चवीपुरती असते आणि उरलेली सगळी हमाली असते. माझ्या मनातले चित्र वेगळे होते. धनुष्य खांद्याला अडकवून दबक्या पावलांनी रानातून जाणारी, वाऱ्याची दिशा ओळखणारी, पानाआडच्या कानाची हालचाल टिपणारी एक सडपातळ बाई त्या चित्रात होती आणि तिचा चेहरा बराचसा माझ्यासारखा होता. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी धनुष्याचे दर्शनही झाले नाही. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये वाळूची पिशवी ठेवण्यात आली, पट्टे आवळण्यात आले आणि समोरच्या टेकडीकडे बोट दाखवण्यात आले.

मी कधी कोणाची शिकार केलेली नाही आणि यापुढेही करण्याचा विचार नाही. ज्या शर्यतीसाठी ही तयारी चालली होती तिच्यातली हरणे फोमची असतात आणि ती जागची हलत नाहीत, हे ऐकूनच मी होकार दिला होता. होकार मागणारा माझा भाचा. त्याला अडथळ्यांच्या शर्यतींचे वेड आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, स्वतःचे पैसे भरून चिखलात लोळायला जाणे याला तो विश्रांती म्हणतो. रोज सकाळी नेमाने चालायला जाण्यावर माझे बरे चालले होते, पण त्याने ते एका वाक्यात निकालात काढले. "मावशी, तू करतेस तो व्यायाम नाही, ती वाहतूक आहे," असे तो म्हणाला. त्यानंतर त्याने मला ज्या व्यायामाला लावले, तीही वाहतूकच निघाली. फरक एवढाच की ती मालवाहतूक होती.

या मालवाहतुकीमागचा युक्तिवाद मात्र बिनतोड आहे, आणि तोच त्याचा त्रास आहे. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करणारे लोक सांगतात की बाण लागला म्हणजे काम संपले असे नसून तिथून पुढे काम सुरू होते. एल्कच्या मोठ्या नराचे वजन 300 किलोच्या पुढे जाते. तो पडतो तिथे गाडी पोहोचत नाही, रस्ता नसतो आणि बहुधा सपाट जमीनही नसते. मग मांस कापून, पाठीवर लादून, दऱ्या उतरून आणि चढून अनेक खेपांत ते आणावे लागते. म्हणून हे शिकारी वर्षभर जड सॅक घेऊन चालतात, फळीवर चढ-उतार करतात आणि मांड्या घडवतात. दुरून डोंगर साजरे असे आपण म्हणतो; पाठीवर मांस घेऊन तो उतरणाऱ्याला जवळूनही तो साजरा दिसावा, एवढाच या मेहनतीचा हेतू. मला यात एकच शंका होती आणि ती मी ट्रेनरसमोर मांडली. आमचे हरीण फोमचे आहे, ते मारल्यावर तिथेच राहणार आहे, तेव्हा आपण नक्की काय वाहून आणणार आहोत, असे मी विचारले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "वाळू." विषय संपला.

अडथळ्यांच्या या शर्यती फार जुन्या नाहीत. आजच्या रूपातल्या शर्यतींचा उगम सांगताना 1987 सालच्या 'टफ गाय' या शर्यतीचे नाव घेतात. बिली विल्सन या माजी ब्रिटिश सैनिकाने इंग्लंडमध्ये आपल्या शेतावर ती सुरू केली आणि पुढे ती ऐन जानेवारीत, म्हणजे चिखल आणि बर्फ यांतला फरक पुसला जाण्याच्या दिवसांत भरत असे. 2010 साली अमेरिकेत 'टफ मडर' आणि 'स्पार्टन' या शर्यती निघाल्या आणि मग हे लोण जगभर पसरले. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. फ्रेंच नौदलातले अधिकारी जॉर्ज एबेर 1902 साली मार्टिनिक बेटावरच्या माँ पेले ज्वालामुखीच्या संहारानंतर तिथल्या मदतकार्यात होते. पुढे त्यांनी धावणे, चढणे, उड्या मारणे, वजन उचलणे आणि फेकणे यांवर उभारलेली व्यायामपद्धती मांडली, आणि सैनिकांना अडथळे पार करायला लावण्याच्या प्रथेवर तिची छाप पडली. 'उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा' हे त्यांचे ब्रीद होते. कोणाच्या उपयोगी पडायचे ते त्यांच्या काळात स्पष्ट असावे. माझ्या बाबतीत सर्व लाभ वाळूला होत होता. तिला टेकडीवरचे वारे मिळत होते.

या सगळ्या प्रकारात मला एक गोष्ट सतत खटकत राहिली, ती ही की यातली बहुतेक कामे मूळची जनावरांची आहेत. ओझे वाहणे हे खेचराचे. कुंपणे आणि पाणी ओलांडत धावणे हे घोड्याचे. 3000 मीटरच्या स्टीपलचेसमध्ये माणसे 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा पार करतात, ती शर्यत घोड्यांवरूनच आलेली आहे, आणि तिचा लाकडी अडथळा हर्डलसारखा धक्का लागून पडत नाही. तो उभा राहतो आणि धावणारा पडतो. ऑलिंपिकमधल्या मॉडर्न पेंटॅथ्लॉन या पाच प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेची कथा तर याहून बोलकी आहे. टोकियोच्या स्पर्धेत एका घोड्याने उडी मारायला साफ नकार दिला, त्यावरून जगभर गदारोळ झाला आणि अखेर पॅरिस 2024 नंतर त्या खेळातून घोडेस्वारी काढून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत आणायचे ठरले. घोड्याने एकदा मान हलवली आणि त्याच्या सगळ्या जातीची सुटका झाली. त्याचे काम माणसाच्या गळ्यात पडले. हा दाखला डोळ्यांसमोर ठेवून मीही भिंतीसमोर तसाच थेट नकार देऊन पाहिला. कसलाही गदारोळ झाला नाही. भाचा म्हणाला, "मागे जा आणि परत धावत ये."

या भिंतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ती आठ फुटांची होती, फळ्यांची होती आणि माझ्या आधी गेलेल्या लोकांच्या बुटांमुळे तिला चिखलाचा गिलावा बसला होता. भिंतीवर हातांनी चढायचे नसते, पायांनी चढायचे असते, हे तिचे रहस्य. धावत येऊन एक पाय कमरेच्या उंचीवर भिंतीला रोवायचा आणि आलेला वेग समोर न घालवता वर वळवायचा. बहुतेक लोक जवळ येताच घाबरून वेग कमी करतात आणि मग उचलण्यासाठी दंडांवर अवलंबून राहतात. पाय नीट रोवला गेला की दोन्ही पंजे वरच्या काठाला लागतात, मग एक टाच काठावर टाकायची, कोपर वर चढवायचे आणि अंग पलीकडे लोटायचे. मी इथपर्यंत सर्व काही शास्त्रोक्त केले. टाच गेली, कोपर गेले, अर्धे अंग गेले, आणि मग पुढे जायला वेग नाही व मागे यायला हिंमत नाही अशा अवस्थेत मी त्या काठावर पोटाने, वाळत घातलेल्या सतरंजीसारखी लटकत राहिले. डोक्याच्या बाजूला उतरणारे लोक मला नमस्कार करून जात होते आणि पायांच्या बाजूचे लोक रांगेत थांबून माझ्या बुटांचे निरीक्षण करत होते. एका सद्गृहस्थांनी तर खालून विचारले की मी चढते आहे की उतरते आहे. त्या क्षणी माझ्याकडेही ती माहिती उपलब्ध नव्हती.

मंकी बार, म्हणजे हातांनी लोंबकळत ओलांडायच्या आडव्या दांड्या, त्या मानाने लवकर आटोपतात, कारण त्यावरून मनुष्य लवकर खाली येतो. दंड आणि खांदे अजून शाबूत असतानाच बोटे वळवणारे मनगटामागचे स्नायू आधी फितूर होतात, म्हणून एका दांडीवर विचार करत थांबणाऱ्याचा निकाल तिथेच लागतो. खाली पाणी असते. पाण्याबद्दल तक्रार नाही. पाण्याच्या काठी उभ्या राहून टाळ्या वाजवणाऱ्या मंडळींबद्दल आहे.

अडथळा जमला नाही की बर्पी माराव्या लागतात. स्पार्टन शर्यतीत एका चुकलेल्या अडथळ्यामागे 30 बर्पी अशी शिक्षा वर्षानुवर्षे होती आणि इतरांनीही ती आवडीने उचलली. उभ्याचे खाली बसायचे, हात टेकून पाय मागे टाकायचे, छाती जमिनीला लावायची, उठायचे आणि वर हात करून उडी मारायची, हा तो विधी. वास्तविक रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात ही कसरत माणसाची तंदुरुस्ती तपासण्यासाठी योजली होती, तीही साध्या रूपात. ती चार वेळा करायची आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची. चार! एका सज्जन माणसाने नाडी पाहण्यासाठी काढलेली युक्ती पुढच्यांनी दंडसंहितेत घातली, आणि शिक्षेला नाव मात्र त्याचेच चिकटले. याचा निषेध करायला हवा, पण बर्पी मारत असताना तो करता येत नाही आणि मारून झाल्यावर बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवसाबद्दल जाणकारांनी आधी सूचना दिलेली असते, तरी तिचा उपयोग होत नाही. स्नायू आखडत असतानापेक्षा भाराखाली लांबत असताना त्यांना अधिक इजा होते, त्यामुळे टेकडी चढण्यापेक्षा उतरणे नंतर जास्त महागात पडते, आणि ही वेदना साधारण एक ते तीन दिवसांच्या दरम्यान आपल्या ऐन भरात येते. मला हे जिन्याने शिकवले. वर जाताना मी नेहमीसारखी गेले. उतरताना मात्र तोंड भिंतीकडे करून, कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीशी वाटाघाटी करत यावे लागले.

अखेर धनुष्य हाती आले, तेव्हा मला वाटले की हमाली संपली आणि मृगया सुरू झाली. शिकारीचे कम्पाउंड धनुष्य हे मोठे समजूतदार यंत्र आहे. त्याच्या टोकांना चाके असतात. ताणायला सुरुवात करताना ते जीव काढते, पण पूर्ण ताणले की चाकांच्या रचनेमुळे हातावरचा भार एकदम उतरतो आणि नेम धरायला सवड मिळते. स्वस्थ उभे राहून मी बऱ्यापैकी बाण मारत होते. पण स्वस्थ उभे राहून मारू देतील तर ते शिकाऱ्याचे प्रशिक्षण कसले? चढ चढून आल्यावर, किंवा समोर अचानक जनावर दिसल्यावर, शिकाऱ्याचे काळीज उडत असते आणि हात कापत असतात, म्हणून आधी धावायचे, वाळू वाहायची आणि मग तशाच धापा टाकत नेम धरायचा. बायथलॉनमधले खेळाडू हेच करतात. बर्फावरून स्की करत येतात आणि 50 मीटरवरच्या निशाणांवर गोळ्या झाडतात. झोपून मारताना ते निशाण 45 मिलिमीटरचे असते आणि उभ्याने मारताना 115 मिलिमीटरचे. हे लोक श्वास सोडून क्षणभर थांबतात आणि त्या थांब्यात गोळी सोडतात. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. माझा श्वास सुटत असे, पण थांबत नसे.

भाच्याने धीर द्यायला एक शास्त्रीय आधार शोधून आणला होता. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन या शास्त्रज्ञांनी 2004 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडले की लांब पल्ल्याचे धावणे हे माणसाच्या शरीराच्या घडणीतच आहे. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले सान लोक भर उन्हात हरणाचा पाठलाग करून त्याला थकवतात. माणसाला घाम येतो आणि तो धावता धावता निवतो. हरणाला अंग निववायला धापा टाकाव्या लागतात आणि चौखूर उधळताना त्या टाकता येत नाहीत, म्हणून शेवटी ते उभे राहते. "म्हणजे मावशी, तू जन्मजात शिकारी आहेस," असा त्याने निष्कर्ष काढला. मी त्याला सांगितले की या वर्णनातले धापा टाकून उभे राहणारे पात्र कोणते, ते नीट पाहा.

शर्यतीच्या दिवशी मी हे सगळे पार करून, चिखलाने मढून आणि पाठीवर वाळू घेऊन त्या फोमच्या हरणासमोर पोहोचले. धनुष्य ताणले. भार उतरला, श्वाससुद्धा चक्क थांबला. ऐन शिकारीच्या वेळी कुत्र्याला काय होते ते सांगणारी एक म्हण आहे आणि ती सभ्य लेखात येत नाही. माझ्या बाबतीत ते नाकाला झाले. दोन्ही हात गुंतलेले असताना नाकाला अशी खाज सुटली की मी नाक मुरडले, बाण सुटला आणि हरणाच्या पाठीवरून जाऊन पलीकडच्या मार्गिकेतल्या फोमच्या अस्वलाच्या बरोबर काळजात बसला. इतका अचूक बाण मी त्याआधी कधी मारला नव्हता. मी स्वयंसेविकेकडे अपेक्षेने पाहिले. अस्वल हे हरणापेक्षा मोठे आणि धोकादायक जनावर आहे, तेव्हा याचे काही अधिक गुण मिळावेत, असे मी तिला विनयाने सुचवले. तिने जमिनीकडे बोट दाखवले.

मग मी बर्पी सुरू केल्या. ती मुलगी मोजायला समोरच बसली होती, मोठ्या निष्ठेने मोजत होती, आणि छाती जमिनीला लागली नाही असे दिसले की पुन्हा तोच आकडा म्हणत होती.