शिकला की बदली, हे काऊन?

दर वेळी तेच यार! सरकारी ऑफिसातल्या काउंटरवरचा माणूस कसाबसा काम शिकतो, सिस्टीम समजायला लागते अन् तेवढ्यात त्याची बदली, मग नवीन पोरगा बसवतात ज्याला ना ट्रेनिंग ना धड चार्ज दिलेला, अन् नागपूरच्या उन्हात लाईनीत उभे राहिलेले म्हातारेकोतारे त्याच्यावरच ओरडतात. त्याचा काय दोष? सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, अर्ज घेतला की नंबर टाकून पोच द्यायची, विनाकारण मुदत चुकली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो, हे त्याला कोणी बसवून सांगितलंच नाही! पुण्यात यशदा ही राज्य सरकारची संस्था आहे सरकारी लोकांच्या ट्रेनिंगसाठी, पण काउंटरवरच्या पोराला तिथं कोण पाठवते? निदान जुन्या माणसाला आठ दिवस त्याच्या बाजूला तरी बसवा ना बाप्पा.