नोंदणी केली की वीस लाख? फिरणाऱ्या मेसेजमधला एकेक दावा

गेले काही आठवडे गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक मेसेज फिरतोय. देवस्थानच्या गटात, माजी विद्यार्थ्यांच्या गटात, महिला मंडळांत. माझ्याकडे तो तीन-चार वाटांनी आला आणि दर वेळी मी पुसून टाकला. पण वाळपईजवळ राहणाऱ्या माझ्या वहिनीने तो खरा मानला. ती घरी आमसुलं आणि कोकम आगळ करून विकते. मेसेजखालच्या नंबरवर तिने आधार आणि पॅनचे फोटो पाठवले होते आणि आता ‘प्रोसेसिंग फी’ भरणार होती. मी अडवलं तर म्हणाली, "भावजी, सरकारचीच योजना आहे, वर अशोकस्तंभ छापलाय." फोंड्यात छोट्या धंद्यांचे हिशेब सांभाळणं हेच माझं काम आहे, म्हणून आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: ‘स्टार्टअप इंडिया’त नाव नोंदवलं की सरकार २० लाख रुपये थेट खात्यात टाकतं, परत करायचे नाहीत. कुठलाही धंदा चालतो, ब्युटी पार्लरपासून खानावळीपर्यंत. तीन वर्षं एक रुपयाही कर नाही. मोबाइलवरून पैसे पाठवायला जगाला भारतीय स्टार्टअपनी शिकवलं, आता उशीर केलात तर मागे राहाल. एक ॲप करून घ्या, गुंतवणूकदार दारात येतील. गोव्यात राहून यातलं काही जमणार नाही, पण ‘आमची बेंगळुरूची टीम’ सगळं करून देईल. फी फक्त ४,९९९ रुपये.

सगळ्यात घातक दावा पहिला, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

२० लाखांचं अनुदान ही निव्वळ थाप नाही, एवढं मान्य करावं लागतं. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ साली आली, ९४५ कोटी रुपयांची, २०२४-२५ पर्यंतच्या चार वर्षांसाठी. तिची मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही वाचता येतात आणि मेसेज लिहिणाऱ्याने ती वाचलेली असणार, कारण २० लाखांचा आकडा तिथूनच उचललाय. फक्त त्या आकड्याच्या आजूबाजूचं सगळं गाळलंय. हे पैसे सरकार कुणाच्या खात्यात थेट टाकत नाही. ते निवडलेल्या इनक्यूबेटरकडे (नव्या धंद्यांना हात धरून उभं करणाऱ्या संस्थेकडे) जातात, इनक्यूबेटरची समिती अर्जदाराची कल्पना तपासते आणि निवड झाली तर कामाचे टप्पे पूर्ण होतील तसे हप्ते मिळतात. तेही कल्पना सिद्ध करणं, नमुना तयार करणं, चाचण्या घेणं यासाठी. जागा, इमारत, सोयी उभारायला हा पैसा वापरता येत नाही. कंपनी अर्जाच्या वेळी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिच्या मुख्य उत्पादनात, सेवेत किंवा धंद्याच्या पद्धतीत तंत्रज्ञान असावं, अशाही अटी आहेत. त्यापुढचे ५० लाखांपर्यंतचे पैसे कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे कंपनीच्या शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे म्हणून मिळतात, फुकट नाहीत.

आता प्रमाण बघा. योजना जाहीर करताना सरकारने देशभरातल्या ३०० इनक्यूबेटरमार्फत अंदाजे ३,६०० उद्योजकांना मदत होईल असं सांगितलं होतं. आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत केंद्राची मान्यता असलेल्या, म्हणजे ‘स्टार्टअप इंडिया’त नोंदलेल्या, स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या वर गेली होती. नोंदणी म्हणजेच पैसे, हे म्हणणं या दोन आकड्यांसमोर टिकत नाही.

शिवाय ती मान्यता फुकट मिळते. स्टार्टअप म्हणून मान्यता मिळवायला केंद्र सरकार एक पैसाही घेत नाही. अर्ज ऑनलाइन, शुल्क शून्य. मग ४,९९९ रुपये कुणाच्या खिशात जातात? एजंटाच्या. बरं, त्याने कागद भरायची मजुरी म्हणून पैसे मागितले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तो ‘सरकारी फी’ म्हणून मागतोय.

आणि नुकसान ४,९९९ वर थांबत नाही. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला स्टार्टअपची मान्यता मिळत नाही, म्हणून हे लोक आधी गिऱ्हाइकाच्या नावावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून देतात. खाजगी कंपनीला दोन संचालक लागतात, म्हणून घरातल्या आणखी एकाची सही घेतात. प्रमाणपत्राचा पीडीएफ आला की घरात आनंद होतो. पुढचं कुणी सांगत नाही. कंपनी म्हटली की पहिल्या वर्षापासून सीएकडून ऑडिट सक्तीचं, उलाढाल शून्य असली तरी. कंपनी निबंधकाकडे दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण द्यायचं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर उशिराचे पैसेच ७३,००० होतात. धंदा सुरू केल्याचं जाहीरपत्र १८० दिवसांत दिलं नाही तर कंपनीला ५०,००० पर्यंत दंड वेगळा. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. एक पैशाचा धंदा न केलेल्या कंपनीच्या नोटिसा घेऊन माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांत एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. मुलाने सांगितलं म्हणून त्यांनी सही केली होती आणि संचालक म्हणजे काय हे त्यांना नोटीस आल्यावर कळलं. म्हणून या मेसेजचा मला राग येतो.

‘कुठलाही धंदा चालतो’ हा दावा त्याच्याच शेपटीला बांधलेला. केंद्राच्या व्याख्येत उत्पादन, प्रक्रिया किंवा सेवेत नावीन्य वा सुधारणा लागते, नाहीतर मोठा रोजगार किंवा संपत्ती निर्माण करू शकेल असं, वाढवता येणारं धंद्याचं प्रारूप लागतं. आणि आधीचाच धंदा मोडून किंवा नव्याने रचून काढलेली कंपनी स्टार्टअप धरली जात नाही. वहिनी दहा वर्षांहून जास्त काळ आगळ विकते. तोच धंदा कंपनीच्या नावाखाली आणला म्हणून तो स्टार्टअप होणार नाही. यात तिला कमीपणा काहीच नाही. तिच्यासारख्यांसाठी दुसरी योजना आहे, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई, २०२० पासूनची. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान असतं, ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं आणि एकट्याच्या मालकीचा धंदाही त्यात बसतो. ड्रायर घ्यायचा, बाटल्या भरायचं यंत्र घ्यायचं, तर चौकशी त्या योजनेची करायला हवी होती. मेसेजमध्ये तिचं नावही नाही, कारण कर्जाची योजना सांगून एजंटाला गिऱ्हाईक मिळत नाही.

करमाफीचं अर्धसत्य आहे. आयकर कायद्याखाली स्टार्टअपला पहिल्या दहा वर्षांतल्या सलग तीन वर्षांच्या नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळते. पण नुसत्या मान्यतेवर नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि फक्त कंपनी किंवा एलएलपीलाच (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीलाच) ते मिळू शकतं. आणि वजावट नफ्यावर आहे; सुरुवातीच्या वर्षांत नफा होतो किती जणांना? जीएसटी आणि टीडीएस तर चालूच राहतात. ‘एक रुपयाही कर नाही’ असं ऐकून जीएसटीची विवरणं थांबवणारा माणूस सरळ दंडाच्या दारात जातो.

मोबाइल पैशांचा मुद्दा वाचून आमचे एक काका फार सुखावले, म्हणून तोही घेतो. केनियात एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं. साधा बटणांचा फोन, सिमकार्डातला मेनू आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला एजंट, एवढ्यावर. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये, आणि ते कुठल्या स्टार्टअपने उभारलं नाही. बँकांनी मिळून स्थापलेल्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने उभारलं. खाजगी ॲप त्याच्यावर नंतर बसली. ब्राझीलची पिक्स ही व्यवस्था नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने आणली. यूपीआयचा अभिमान मलाही आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवळी विकणाऱ्या बाईकडे क्यूआर कोड असणं ही लहान गोष्ट नाही. पण तिला त्यासाठी कंपनी काढावी लागली नाही, ॲप करून घ्यावं लागलं नाही आणि कुणाला फी द्यावी लागली नाही. देशाच्या अभिमानाचं बोट धरून माणसाला घाईत पैसे भरायला लावणं मला लबाडी वाटते.

ॲप केलं की गुंतवणूकदार येतात, यावर काय लिहिणार. ॲप स्टोअरवर ठेवणं अगदी स्वस्त आहे. गूगलच्या दुकानात विकासकाच्या खात्याची फी एकदाच २५ डॉलर. म्हणून तर तिथे कुणी न वापरणाऱ्या ॲपचा ढीग पडलाय. गुंतवणूकदार गिऱ्हाइकं बघतो.

आणि गोव्यात काही होत नाही? ट्रूनॅट हे क्षयरोग तपासण्याचं बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र मोलबायो डायग्नोस्टिक्स या गोव्यातल्या कंपनीचं आहे. बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेचा त्यात मोठा वाटा आहे, तेही खरं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, त्याच वर्षी कोविडच्या तपासणीत ते देशभर वापरलं गेलं, आणि २०२२ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीच्या गुंतवणुकीनंतर कंपनीचं मूल्यांकन एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. त्यामागे संशोधनाची कित्येक वर्षं आहेत. ज्याच्याकडे खरोखर नवी कल्पना आहे त्याने फातोर्ड्याला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ‘फायर’मध्ये, साखळीला गोवा व्यवस्थापन संस्थेच्या अटल इनक्यूबेशन सेंटरमध्ये किंवा वेर्ण्याला ‘सिबा’मध्ये, अशा एखाद्या इनक्यूबेटरमध्ये जाऊन समोर बसून विचारावं. राज्याचं स्वतःचं स्टार्टअप धोरणही २०१७ पासून आहे. त्यातली बरीचशी मदत आधी खर्च करून नंतर परत मिळवायची असते, हे जाण्याआधी माहीत असू द्या.

ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण. नुसते आधार-पॅन पाठवले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आपल्या पॅनवर कुणी जीएसटी क्रमांक काढलाय का, ते जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून दिसतं. काही महिने अधूनमधून बघत राहा, कारण लोकांच्या कागदांवर बनावट फर्म काढल्याची प्रकरणं देशभर उघड झाली आहेत. आणि नावावर कंपनी निघालीच असेल, पण धंदा सुरू झाला नसेल, तर एक वर्षानंतर ती निबंधकाच्या यादीतून काढून टाकण्याचा अर्ज करता येतो. त्याची फी १०,००० रुपये आहे आणि राहिलेले फॉर्म आधी भरावे लागतात. म्हणून पहिल्या वर्षाचा ताळेबंद तरी वेळेवर जाऊ द्या.