पी बरोबर ०.०७

औषधाचं नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यानं काहीही केलेलं नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे.

नैराश्याच्या नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून निम्म्या लोकांना हे औषध द्यायचं, उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. आठ आठवड्यांनी नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन स्केलवर गुण मोजायचे. एवढी साधी आमची ट्रायल. आठ आठवड्यांनी औषधवाले सुधारले. प्लासिबोवालेही सुधारले. दोघांतला फरक १.८ गुणांचा, औषधाच्या बाजूनं, आणि पी-व्हॅल्यू ०.०७.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. औषधात काडीचाही दम नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी. ती ०.०५ च्या खाली असेल तर निकालाला 'लक्षणीय' म्हणायचं, ही रीत रूढ झाली ती मुख्यतः रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ पासूनच्या लिखाणामुळे. त्यांना हा आकडा सोयीचा वाटला, एवढंच. तेव्हापासून ०.०४९ वाले परिषदांमध्ये भाषणं करतात आणि ०.०५१ वाले मागच्या रांगेत बसून ती ऐकतात.

आमच्या सरांनी तो ०.०७ पाहिला आणि एका मार्कानं नापास झालेल्या मुलाच्या बापासारखे ते ग्रेस मार्क शोधायला निघाले.

"फक्त बायकांमध्ये बघितलंस का?"

"बघितलं सर. नाही."

"चाळिशीच्या पुढच्या बायकांमध्ये?"

"त्या अकराच आहेत सर."

"बरं, चौथ्या आठवड्याला काय होतं?"

चौथ्या आठवड्याला ०.०४ होतं. सरांचा चेहरा उजळला. पण आमच्या स्टॅटिस्टिशियन मॅडम शेजारीच बसल्या होत्या, आणि त्या मुळात उजळणाऱ्या चेहऱ्यांच्या विरोधात आहेत. त्यांनी ट्रायल रजिस्ट्रीतली आमचीच नोंद उघडून सरांपुढे धरली. पहिला रुग्ण घेण्याआधी आम्हीच तिथे लिहून ठेवलं होतं, की मुख्य निकाल आठव्या आठवड्याचा धरू. मोठ्या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी २००५ पासून ही अट घातली आहे: आधी नोंद करा, मग ट्रायल, नाहीतर पेपर छापणार नाही. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढण्याची सोय या अटीनं काढून घेतली. सरांना हे सगळं माहीत आहे. याच विषयावर ते विद्यार्थ्यांना दरवर्षी एक लेक्चर देतात, आणि चांगलं देतात.

मग झोपेचा मुद्दा निघाला. हॅमिल्टन स्केल १९६० सालचं. त्यात सतरा बाबी, जास्तीत जास्त ५२ गुण. यातल्या तीन बाबी एकट्या झोपेच्या: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे लवकर जाग येते. प्रत्येकी दोन गुण. म्हणजे एखाद्या औषधानं बाकी काहीही न करता माणसाला नुसतं गाढ झोपवलं, तरी सहा गुणांपर्यंत सुधारणा कागदावर दिसू शकते. आमच्या औषधाला तर चांगलीच गुंगी होती. मॅडमनी झोपेच्या तीन बाबी वगळून हिशेब केला. फरक उरला ०.४. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे टेबल पुरवणीत टाकू."

खरं तर १.८ असता तरी काय मोठं दिवे लावणार होता? ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २००४ च्या मार्गदर्शिकेत औषध आणि प्लासिबो यांच्यात या स्केलवर निदान तीन गुणांचा फरक असेल तरच तो रुग्णाच्या दृष्टीनं कामाचा, असं धरलं होतं. पण हे वाक्य मसुद्यात घातलं की कोणीतरी सहलेखक ते ट्रॅक चेंजेसमध्ये हळूच उडवायचा. मी परत घालायची. परत उडायचं. कोण उडवतंय हे मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांना दिसत होतं, पण याबद्दल आम्ही समोरासमोर कधीही बोललो नाही.

सगळ्यात मोठी लढाई एका वाक्याची होती. सरांनी लिहिलं, 'औषधाचा परिणाम लक्षणीयतेकडे झुकताना आढळला.' मॅडम म्हणाल्या, ०.०७ हा ०.०५ कडे झुकतोय की तिथून लांब पळतोय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी वैतागून लिहिलं, 'औषध आणि प्लासिबो यांच्यात फरक नाही.' मॅडमना तेही चालेना. फरक नाही हे तुम्ही सिद्ध केलेलं नाही. फरक आहे हे सिद्ध करता आलं नाही, एवढंच तुम्ही केलंय. म्हणून शेवटी मजकूर ठरला: 'या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही.' हे वाक्य सरांना दुबळं वाटलं, मला लांबट वाटलं आणि मॅडमना ठीक वाटलं. असं झालं की मॅडमचं खरं असतं, हा आमच्या विभागातला आजवरचा अनुभव.

एकदा मजकूर ठरला की पेपर झाला, असं वाटण्याचं वय माझं केव्हाच गेलंय. आता सुरू होतात जर्नलच्या सूचना. १९७८ मध्ये काही वैद्यकीय संपादक व्हँकुव्हरला एकत्र जमले होते, सगळ्या जर्नलांसाठी मजकुराचा साचा एकच असावा म्हणून. हेतू चांगला होता. त्याची फलश्रुती अशी, की आज एक जर्नल संदर्भाचा आकडा पूर्णविरामाच्या आधी मागतं, दुसरं नंतर, तिसरं चौकटी कंसात, आणि चौथ्याला आकडाच नको, आडनाव आणि साल हवं. पाचवं म्हणतं, पहिल्यांदा कसेही पाठवा, आमची हरकत नाही. हे पाचवं जर्नल आपला पेपर घेत नाही.

मनोविकारांच्या औषधांच्या जर्नलांचं आणखी एक खास प्रकरण आहे. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता 'अँटीडिप्रेसंट', 'अँटीसायकोटिक' असे शब्द नकोत. औषध मेंदूत कुठे आणि कसं काम करतं त्यावरून त्याला ओळखायचं, अशी नवी पद्धत आली आहे. त्यामागचं कारण मला मनापासून पटतं. घाबरेपणासाठी आलेल्या बाईंना एसएसआरआय गटातलं, म्हणजे 'अँटीडिप्रेसंट' म्हणून ओळखलं जाणारं औषध लिहून दिलं, की त्या घरी जाऊन माहितीपत्रक वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, "डॉक्टर, मला नैराश्य आहे हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत का?" नैराश्यासाठी क्वेटियापिन हे 'अँटीसायकोटिक' दिलेल्या माणसाची तर 'सायकोटिक' हा शब्द वाचून उरलीसुरली झोप उडते. तेव्हा पद्धत योग्यच. फक्त एका शब्दाच्या जागी 'सेरोटोनिनच्या पुनर्ग्रहणाला रोखणारे' असं काहीतरी येतं आणि सारांशाला मर्यादा असते अडीचशे शब्दांची. 'नैराश्यग्रस्त' म्हणायचं नाही, 'नैराश्य असलेल्या व्यक्ती' म्हणायचं. हेही पटतं. एका शब्दाचे तीन होतात. माणुसकी वाढली की शब्दसंख्या वाढते, आणि ती कमी करायला मी मग निष्कर्षातला एखादा 'मात्र', एखादा 'तरीही' कापत बसते. आमच्या सारांशाच्या शेवटच्या आवृत्तीत एकही उभयान्वयी अव्यय शिल्लक नाही. तारेसारखा वाचावा लागतो.

मग ती प्रवाहाकृती. ट्रायलमध्ये आलेला एकेक माणूस कुठून कुठे गेला याचा चौकटी-बाणांचा नकाशा काढायचा. कन्सॉर्ट नावाची नियमावली १९९६ मध्ये आली, तिचा हा आग्रह. बेरीज तंतोतंत जुळली पाहिजे. आमच्याकडे एक गृहस्थ 'आता बरं वाटतंय' म्हणून मध्येच यायचे थांबले आणि एक बाई 'काहीच बरं वाटत नाही' म्हणून थांबल्या. कन्सॉर्टच्या चौकटीत दोघं शेजारी शेजारी, 'संमती मागे घेतली: २'. माझ्या मते आमच्या सबंध अभ्यासातली सगळ्यात रोचक माहिती त्या 'दोन'मध्ये दडपली गेली आहे.

दुष्परिणामांच्या टेबलात तर प्लासिबोनं धमाल केली. तोंड कोरडं पडणं, मळमळ, डोकेदुखी. डोकेदुखी औषधवाल्यांपेक्षा प्लासिबोवाल्यांना जास्त. हे नवल नाही. होणाऱ्या त्रासांची यादी संमतीपत्रात वाचली, की ज्यात काहीच नाही अशा गोळीनंही त्यातले काही होतात. आणि गुणही तिचाच मोठा. नैराश्याच्या ट्रायलमध्ये प्लासिबोवरच्या तिघांतल्या एकाला चांगलं बरं वाटणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. दर आठवड्याला कोणीतरी तासभर बसून विचारपूस करतं, याचाही तो गुण असेल. एकूण पाहता या पेपरमध्ये सर्वात जास्त काम प्लासिबोनं केलं आहे. त्याला सहलेखक करावं, असं मी सुचवलं. मॅडम, ज्या कधीही हसत नाहीत, म्हणाल्या की लेखक व्हायला चार अटी असतात: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी. प्लासिबो पहिल्या अटीत बसतो. आमचे दोन सहलेखक तिच्यातही बसत नाहीत, हे त्या बोलल्या नाहीत. फक्त यादीकडे बघत राहिल्या.

याच सुमारास सरांनी विचारलं, "असला निकाल छापायचाच कशाला?" प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर २००८ मध्येच दिलं गेलंय. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदलेल्या बारा नैराश्यविरोधी औषधांच्या ७४ ट्रायल काही संशोधकांनी तपासल्या. एफडीएच्या मते ३८ यशस्वी होत्या. त्यातली एक सोडून सगळ्या छापून आल्या. उरलेल्या ३६ अयशस्वी किंवा शंकास्पद. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ यशस्वी वाटतील अशा बेतानं छापल्या, आणि जशा होत्या तशा छापल्या फक्त तीन. म्हणजे नुसती जर्नलं वाचणाऱ्या डॉक्टरला जवळपास प्रत्येक ट्रायल यशस्वी झालेली दिसणार. मी हे आकडे सरांपुढे ठेवले. सर म्हणाले, "अकरांनी नेमकं कसं केलं, ते बघ बरं जरा."

ते गमतीनं म्हणाले, असं मी धरून चालते.

पहिल्या जर्नलनं पेपर संध्याकाळी घेतला आणि सकाळी परत केला. 'आमच्या वाचकांना यात पुरेसा रस वाटणार नाही.' दुसऱ्यासाठी सगळे संदर्भ चौकटी कंसातून काढून वर टांगले. तिथे रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, मिळाले. पहिल्यानं लिहिलं, रुग्णसंख्या कमी आहे. हाती आलेल्या निकालावरून अभ्यासाची ताकद, म्हणजे खरा फरक असता तर तो पकडण्याची शक्यता, किती होती ते मोजून द्या. हे वाचून मॅडमचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. निकाल लागल्यानंतर काढलेली ताकद म्हणजे तीच पी-व्हॅल्यू वेगळ्या कपड्यांत, त्यातून नवीन काहीही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. उत्तरात आम्ही लिहिलं, 'या मार्मिक सूचनेबद्दल आम्ही रिव्ह्यूअरचे ऋणी आहोत.' दुसऱ्या रिव्ह्यूअरनं पाच महत्त्वाचे संदर्भ राहिल्याचं दाखवून दिलं. पाचही पेपरांत एक लेखक समान होता. आम्ही दोन घातले. हा दर सध्या प्रचलित आहे.

अशा वेळी मला जॉन केड आठवतात. १९४९ मध्ये या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिलं आणि सुधारणा झाल्याचं छापलं. त्याआधी गिनिपिगना टोचून पाहिलं होतं. ते सुस्त पडले, म्हणून पुढची कल्पना सुचली. पी-व्हॅल्यू नाही, प्लासिबो नाही, प्रवाहाकृती नाही. आज हा पेपर आला तर आमचा पहिला रिव्ह्यूअर काय म्हणेल ते मला तोंडपाठ आहे. लिथियम मात्र आजही वापरात आहे. अर्थात त्याच काळात त्याच पद्धतीनं छापलेली आणि कुणालाही उपयोगी न पडलेली औषधं ढिगानं होती, असं मॅडम म्हणाल्या. मॅडम कुणाला काही आठवून बरं वाटू देत नाहीत.

पेपर स्वीकारला गेला. प्रूफ आलं, अठ्ठेचाळीस तासांत परत करा म्हणून. जर्नलनं स्वतः किती वेळ घेतला हे विचारायचं नसतं. त्यात सरांचं आडनाव त्यांच्या नावाच्या जागी गेलं होतं, ते सोडवलं. मग एकदाचा ऑनलाइन आला. दुसऱ्याच दिवशी एका भलत्याच जर्नलची मेल आली. शब्दमर्यादा नाही, रिव्ह्यूअर आठवड्यात उत्तर देणार, संदर्भ हवे तसे चालतील. सुरुवात होती: 'आदरणीय प्राध्यापक, आपल्या ताज्या शोधनिबंधात या औषधानं मिळवलेलं देदीप्यमान यश वाचून आम्ही भारावून गेलो.'

ही मेल मी सरांना पाठवलेली नाही. उगाच आशा लागायची.