लाल-निळा झटका द्या म्हणे!

'ॲनिमेशनमधल्या रंगांचे ७ सोनेरी नियम' ही पोस्ट तुमच्यापर्यंत अजून आली नसेल तर तुम्ही नशीबवान. जो तो फॉरवर्ड करत सुटलाय. सात चकाचक स्लाइड्स आणि शेवटी 'सेव्ह करून ठेवा, नंतर सापडणार नाही' अशी धमकी. मी दुर्लक्षच करणार होते, पण माझी भाची सध्या मोशन ग्राफिक्स शिकतेय आणि तिने परवा एका लोगोचं ॲनिमेशन पाठवलं, खाली मेसेज, "मावशी, नियम नंबर चार वापरलाय, बघ कसला पंच येतोय!" पंच वगैरे काही नाही, मला तिसऱ्या सेकंदाला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी ते सात नियम एका दमात सांगते: लाल म्हणजे ऊर्जा आणि निळा म्हणजे विश्वास, ६०-३०-१० चं प्रमाण पाळा (मुख्य रंग ६० टक्के, दुसरा ३०, तिसरा १०), तीनपेक्षा जास्त रंग नकोत, दर दोन सेकंदांनी रंग बदला आणि मधेमधे लाल-निळा झटका द्या म्हणजे बघणारा स्क्रोल करत नाही, पहिला आणि शेवटचा रंग नीट निवडा, मधलं सॉफ्टवेअर बघून घेतं, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, फुल ठेवा, आणि शुद्ध काळा कधीच वापरू नका.

क्रमाने जायला मला वेळ नाही. चौथ्यापासूनच, म्हणजे त्या लाल-निळ्या झटक्यापासूनच, सुरुवात करते, कारण बाकीचे नियम फार तर तुमचं काम कुरूप करतील, हा माणसाला हॉस्पिटलमध्ये पाठवू शकतो. अतिशयोक्ती नाही. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉनचा एक भाग लागला होता, त्यात एका स्फोटाच्या सीनमध्ये लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण १२ वेळा या वेगाने काही सेकंद लुकलुकला. त्या संध्याकाळी ६०० हून जास्त जणांना, बहुतेक मुलंच, हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. कोणाला फिट आली, कोणाला उलट्या, कोणाची शुद्ध हरपली. त्यातल्या बऱ्याच मुलांना आधी कधीच फिट आलेली नव्हती. मालिका जवळपास चार महिने बंद ठेवावी लागली. आणि नीट बघा, लाल आणि निळा, नेमकी हीच जोडी! पोस्टवाल्याने जगातले सगळे रंग सोडून बरोबर हीच जोडी शोधून काढली याचं मला खरंच कौतुक वाटतं.

"ते टीव्हीचं जुनं प्रकरण झालं" असं म्हणणार असाल तर २००७ बघा. लंडन ऑलिंपिक २०१२ चा लोगो जाहीर झाला तेव्हा त्यासोबतच्या प्रमोशनल फिल्ममधला एक ॲनिमेटेड तुकडा याच कारणासाठी वेबसाइटवरून काढून टाकावा लागला, लोकांना फिट आल्याच्या तक्रारी होत्या. एवढ्या मोठ्या टीमच्या हातून हे सुटतं, मग आपण घरी लॅपटॉपवर एक स्लाइड वाचून करतोय त्यातून काय काय सुटेल.

यावर नियम आहे, आणि तो कोणाच्या इन्स्टा पेजवरचा नाही. वेबसाठी ज्या आंतरराष्ट्रीय ॲक्सेसिबिलिटी मार्गदर्शक सूचना आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यातला २.३.१ हा मुद्दा वाचा, फुकट आहे, उघडा आहे. कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत, आणि असलेच तर ते अगदी छोट्या भागात किंवा अगदी मंद हवेत. फ्लॅश म्हणजे काय हेही तिथे दिलंय: उजेड पडला आणि परत गेला, किंवा गेला आणि परत आला, अशी उलटसुलट जोडी म्हणजे एक फ्लॅश, आणि फरक पडद्याच्या कमाल उजेडाच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त असला की तो मोजायचा (दोन्हीपैकी गडद बाजू अगदीच पांढरट असेल तर सूट आहे). भडक शुद्ध लालसाठी तर वेगळी अट आहे, उजेडाचा फरक कमी असला तरी लाल झगझगीत असेल तर तो फ्लॅश धरायचा. म्हणजे लालला मुद्दाम जास्त धोकादायक मानलंय.

आता भाचीची फाइल घेऊ. २४ फ्रेम्स (म्हणजे स्थिर चित्रं) पर सेकंद, दर तीन फ्रेम्सना रंग बदलतो, फुल स्क्रीन. म्हणजे सेकंदाला ८ बदल, म्हणजे ४ फ्लॅश. मर्यादा तीनची. आणि ही तर तिने 'सौम्य' ठेवलेली व्हर्जन होती, पोस्टमध्ये झटक्यासाठी दर दोन फ्रेम्सना रंग बदला म्हटलंय, म्हणजे सेकंदाला ६! तिला एवढंच सांगितलं की झटकाच हवा असेल तर एकदाच दे, लाल पूर्ण स्क्रीनवर पसरवू नकोस, आकार हलव, स्केल वाढव, क्षणभर सगळं थांबव आणि मग उडव. लक्ष वेधायला हालचाल पुरते, ॲनिमेशन आहे ना ते. मी त्या पेजवर कमेंटही केली, लिंकसकट. उत्तर आलं 'थँक्स फॉर शेअरिंग' आणि एक आगीची इमोजी. असो.

पाचवा नियम, 'मधलं सॉफ्टवेअर बघून घेतं'. हो, घेतं. आणि चिखल करून देतं. करून बघा, एका चौकोनाला शुद्ध लालचा कीफ्रेम (म्हणजे आपण स्वतः ठरवून दिलेला टप्पा) द्या, दुसरा शुद्ध हिरव्याचा, आणि बरोबर मध्यावर थांबा. साध्या आरजीबीत (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ असे तीन आकडे) सॉफ्टवेअर फक्त आकड्यांची सरासरी काढतं, २५५, ०, ० आणि ०, २५५, ० यांच्या मधे येतं १२८, १२८, ०, म्हणजे एक मळकट शेवाळी पिवळा. गंमत म्हणजे त्याचा उजेड हिरव्यापेक्षा तर कमी आहेच, पण लालपेक्षाही किंचित कमी आहे! दोन भडक रंगांच्या मधे स्क्रीन काळवंडते, आणि बघणाऱ्याला कळत नाही काय झालं, फक्त वाटतं की मधेच कुठेतरी दिवे गेले. निळ्याकडून पिवळ्याकडे जा, मधे चक्क राखाडी. मग कोणीतरी सांगतं एचएसएल वापर (रंगचक्रावरचा अंश, भडकपणा आणि उजळपणा अशी मोजणी), तर तिथे निळा २४० अंशावर आणि पिवळा ६० वर, बरोबर समोरासमोर, त्यामुळे वाट एक तर हिरव्यातून जाते नाहीतर गुलाबी-लालमधून, आणि तुमच्या शांत सूर्योदयात अचानक इंद्रधनुष्य उगवतं.

उपाय काही फार मोठे नाहीत. एक, सॉफ्टवेअरमध्ये लिनिअर लाइटमध्ये, म्हणजे नुसत्या आकड्यांऐवजी प्रत्यक्ष उजेडाची सरासरी काढून, ब्लेंड करायची सोय असते, ती चालू केली की तोच लाल-हिरव्याचा मध्य साधारण १८८, १८८, ० येतो, काळवंडत नाही. दोन, ओकेलॅब नावाची कलर स्पेस, म्हणजे रंग आकड्यांत मांडायची पद्धत, आहे, ब्यॉर्न ऑटोसन यांनी २०२० मध्ये मांडली, डोळ्याला रंग जसा दिसतो त्याच्या बरीच जवळ जाते आणि ब्राउझरच्या सीएसएसमध्येही (वेबपेजचं रूप ठरवणारी भाषा) आता मिळते. तीन, आणि मी बहुतेक वेळा हेच करते, मधला रंग स्वतः निवडायचा आणि तिसरा कीफ्रेम टाकायचा. निळ्याकडून पिवळ्याकडे जाताना मधे फिकट पीच टाकला की काम झालं. बदल सहा-आठ फ्रेम्सचा असेल तर हे सगळं करायची गरजही नाही, डोळ्याला मधलं दिसतच नाही. दोन-तीन सेकंदांच्या संथ फेडमध्ये मात्र तो चिखल निवांत बसून दिसतो.

सहावा, सॅच्युरेशन फुल. इथे खरा घोळ असा आहे की लोकांना भडकपणा आणि उजेड एकच वाटतात. कलर पिकरमध्ये शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही ५० टक्के लाइटनेस दाखवतात, पण प्रत्यक्षात पिवळ्याचा उजेड निळ्याच्या जवळपास १३ पट आहे. कारण डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, लालला कमी, निळ्याला अगदीच थोडी. त्यामुळे लाल बॅकग्राउंडवर मध्यम हिरवं बटण, ०, १२८, ०, भडक दिसतं खरं, पण दोघांचं कॉन्ट्रास्ट (उजेडांचं गुणोत्तर) येतं साधारण १.३ ला १, तर त्याच डब्ल्यूसीएजीत साध्या टेक्स्टला ४.५ ला १ लागतं. फ्रेम ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, बटण गायब. आणि लाल-हिरव्यात फरक करणं ज्यांना अवघड जातं असे लोक थोडेथोडके नाहीत, युरोपीय वंशाच्या पुरुषांत ते प्रमाण साधारण १२ मध्ये १ सांगतात. स्थिर पोस्टरवर माणूस थांबून निरखून बघतो तरी, हलत्या चित्रात बटण दीड सेकंदात येऊन गेलेलं असतं.

शिवाय व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना रंगाची बारीक माहिती बहुतेक वेळा कापली जाते. नेहमीच्या ४:२:० नावाच्या पद्धतीत उजेड प्रत्येक पिक्सेलचा राहतो पण रंग चार पिक्सेल्सना मिळून एकच. म्हणून निळ्यावरची बारीक लाल अक्षरं टाइमलाइनवर धारदार आणि अपलोड केल्यावर फुटलेली, पुसट. मग सगळे प्लॅटफॉर्मला शिव्या घालतात.

पहिल्या नियमाबद्दल काय बोलायचं. लाल हार्टही असतो, लाल एररही असतो आणि लाल 'थांबा'ही असतो. अर्थ आजूबाजूच्या गोष्टींवरून ठरतो. पुढे.

६०-३०-१०, ठीक आहे, हे मान्य करते, नाइलाजाने. घर सजवणाऱ्यांकडून आलेला नियम आहे आणि पहिली फ्रेम मांडताना नवख्या माणसाला बरा आधार देतो, सगळे रंग सारख्याच आवाजात ओरडत नाहीत. पण भिंत जागची हलत नाही हो. तुमचा १० टक्केवाला केशरी गोळा कॅमेऱ्याकडे झेपावला की बारा फ्रेम्समध्ये तो ८० टक्के होतो, तेव्हा काय करणार? तेव्हा कोणती फ्रेम धरून मोजताय ते आधी सांगा.

'तीनच रंग' याचंही तसंच. दहा सेकंदांच्या लोगोला चालेल. कथा असेल तर रंग सीनगणिक बदलतात, आणि मोठ्या स्टुडिओंमध्ये त्यासाठी कलर स्क्रिप्ट करतात: प्रत्येक सीनचं एक बोटभर चित्र, तपशील नाही, फक्त रंग, सगळी एका ओळीत लावायची आणि लांबून बघायची. कुठे सलग सगळं थंड झालंय, कुठे उगाचच भडका उडालाय ते पाच मिनिटांत कळतं. त्यात हेही दिसतं की पिवळा शर्ट घातलेलं पात्र निळ्या रात्रीत गेलं तर शर्टचा स्वॉचही, म्हणजे ठरवून ठेवलेला रंगही, बदलावा लागतो, तोच पिवळा ठेवला तर ते वरून स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. मग हा एक रंग धरायचा की दोन? आणि बराच वेळ निळं बघून झाल्यावर लगेच कट मारून आलेला केशरी नुसत्या केशरीपेक्षा जास्त तापलेला दिसतो, ते कोणत्या तिनात बसवणार?

राहिला शुद्ध काळा. कधीच नको म्हणे. काही ओएलईडी स्क्रीनवर शुद्ध काळ्यावरून काही सरकलं की मागे डाग ओढल्यासारखा दिसतो, तिथे किंचित वरचा काळा बरा, एवढं खरं. उलट संथ गडद ग्रेडियंटमध्ये (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) पट्टे दिसायला लागतात, तिथे काळा बदलून काही होत नाही, थोडा नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाका. बाकी अंधार दाखवायचा असेल तर काळा वापरा, कोणी पकडत नाही.

पोस्ट पुढे ढकलायचीच असेल तर निदान चौथी स्लाइड काढून ढकला.