मुलांना 'गोठलेली नदी' सांगायच्या आधी हे वाचा

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय, 'मुलांना सोप्या भाषेत हिमनदी'. त्यात म्हणे डोंगरातली नदी थंडीत गोठली की हिमनदी होते, ती एका जागी पडून असते, गरम व्हायला लागलं की वर सरकते, आणि दर हिवाळ्यात परत भरते त्यामुळे टेन्शन नाही. सोपं आहे खरं, पण चारही गोष्टी चुकीच्या.

नदी गोठून हिमनदी बनतच नाही हो. उंचावरच्या खोलगट जागेत पडलेला भुसभुशीत बर्फ उन्हाळ्यात सगळा वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, मग त्याच्या पुढचा, आणि खालच्या थरांतली हवा दाबाने निघून जाते. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोसुद्धा भरत नाही बऱ्याचदा, हिमनदीचा बर्फ मात्र ९०० च्या आसपास. इतका घट्ट, की भेगेत डोकावलं तर निळा दिसतो.

'एका जागी पडून असते' हे तर अजिबातच नाही. थर पुरेसा जाड झाला की बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराला लागतो. स्वित्झर्लंडमधल्या उंटरआर हिमनदीवर १८२७ साली हूगी नावाच्या अभ्यासकाने एक झोपडी बांधली होती, ती १८४० च्या सुमारास हजार मीटरहून जास्त खाली पोचलेली सापडली, कुणी न हलवता! ती हिमनदी मोठी, छोट्या फार हळू सरकतात, वर्षाला काही मीटर वगैरे, पण सरकतात. आणि दगड खरवडत जातात, म्हणून खालचं टोक पांढरंशुभ्र नसतं, चांगलं मळकट असतं, मेसेजमधल्या फोटोसारखं नाही.

वर सरकत वगैरे काही नाही. बर्फ खालीच येत असतो, फक्त वरून येतो त्यापेक्षा टोकाशी जास्त वितळतो, म्हणून टोक मागे गेल्यासारखं दिसतं.

आता दर हिवाळ्यात भरण्याचं. हिवाळ्यात पडलं त्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त गेलं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं, तर छोटी हिमनदी संपते. आइसलंडमधल्या 'ओक'चं हेच झालं. २०१४ मध्ये तज्ज्ञांनी ती आता हिमनदी राहिली नाही असं जाहीर केलं, २०१९ मध्ये तिथे तिच्या नावाची पाटीही लावली. थोडा बर्फ तिथे तेव्हाही होता, पण स्वतःच्या वजनाने सरकण्याइतका जाड नव्हता.