पाळी गेली म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व जात नाही

“पाळी बंद झाली की बाईच्या शरीरात व्हिटॅमिन डी तयार होणं थांबतं. म्हणून पंचेचाळिशीनंतर प्रत्येकीने आठवड्याला ६० हजार युनिटची एक गोळी कायमची चालू ठेवावी. हाडं कधीच मोडणार नाहीत, अंगातून गरम वाफा येणं थांबेल. गोळी नको असेल तर सकाळी सातचं कोवळं ऊन घ्यावं. तरुण मुलींना याची गरज नसते. डॉक्टरांकडे जाऊन पैसे घालवू नका.” थोड्याफार फरकाने हा मजकूर बायकांच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन गेलेला आहे. पाठवणारी मायेनेच पाठवते, यात शंका नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि दोन वाक्यं तर धोक्याची आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर द्यायला हवं.

“पाळी बंद झाली की डी तयार होणं थांबतं.” नाही. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. उन्हातले यूव्हीबी किरण त्याच्यावर पडले की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. ते यकृतात एकदा बदलतं, मूत्रपिंडात पुन्हा एकदा बदलतं आणि मग कामाला लागतं. त्वचा, यकृत, मूत्रपिंड. या वाटेवर अंडाशयाचं मुख्य ठाणं कुठेच नाही. इस्ट्रोजेनचा संबंध आहे, पण तो लांबचा. रक्तात ‘ड’ वाहून नेणारं एक प्रथिन इस्ट्रोजेनमुळे वाढतं, त्यामुळे गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेताना तपासणीतला आकडा थोडा वर दिसू शकतो. मूत्रपिंडातल्या शेवटच्या पायरीलाही इस्ट्रोजेनचा थोडा हातभार लागतो. यावरून ‘उत्पादन थांबतं’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

याचा सगळ्यात साधा पुरावा आहाराच्या शिफारशींतच आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० च्या अखेरीस ‘ड’ आणि कॅल्शियमची गरज नव्याने ठरवली. एकोणिसाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत ‘ड’ची रोजची गरज एकच, ६०० युनिट. तीस वर्षांच्या मुलीला तेवढंच आणि साठ वर्षांच्या तिच्या आईलाही तेवढंच. सत्तरीनंतर ती ८०० होते, कारण वयाबरोबर त्वचेची ‘ड’ बनवण्याची ताकद हळूहळू घटते. ही घट पाळी जाण्याच्या वर्षी अचानक होत नाही आणि ती पुरुषांतही होते. पन्नाशीला बायकांसाठी जो आकडा बदलला, तो कॅल्शियमचा: १००० मिलिग्रॅमवरून १२००. त्याच वयाच्या पुरुषांसाठी तो १००० च राहिला. म्हणजे पाळी जाण्याचा विचार तज्ज्ञांनी केला होता, आणि तो करूनच ‘ड’चा आकडा तसाच ठेवला होता.

“तरुण मुलींना याची गरज नसते.” मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा येतो, कारण याने नुकसान दोन पिढ्यांचं होतं. तिरुपतीला डॉ. सी. व्ही. हरिनारायण यांच्या गटाने पाळी चालू असलेल्या आणि पाळी गेलेल्या, अशा दोन्ही बायकांचं ‘ड’ तपासलं. कमतरता दोन्हीकडे सर्रास होती. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात, २००० साली, निरोगी डॉक्टर आणि परिचारिकांचं ‘ड’ कमी निघालं, तर उन्हात काम करणाऱ्या सैनिकांचं त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. पुण्यात डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांना २००७ मध्ये पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्येच ‘ड’ कमी आणि आहारात कॅल्शियम अपुरं आढळलं. हे सगळं वाचल्यावर भारतात तरी पाळीपेक्षा दुसऱ्याच गोष्टी ठळक दिसतात: दिवस घरात किंवा ऑफिसात जातो का, अंगावर कपडे किती, त्वचा सावळी आहे का, वजन किती, जेवणात काय.

आणि तरुण बाईची कमतरता तिच्यापुरती राहत नाही. बाळ जन्माला येताना ‘ड’ची शिदोरी आईकडूनच घेऊन येतं. आईकडेच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? आईच्या दुधात मुळात ‘ड’ फारसं नसतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांना रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. ते टाळले तर मुडदुसाचा धोका असतो. शिवाय हाडांची कमाई होते ती साधारण तिशीपर्यंत. पुढचं सगळं आयुष्य त्या कमाईवर काढायचं असतं. विशीतल्या मुलीला ‘तुला काय गरज’ म्हणणं हे तिच्या साठीतल्या हाडांवर घाला घालणं आहे.

“हाडं कधीच मोडणार नाहीत.” इथे थोडं थांबायला हवं, कारण या संदेशातला खरा गोंधळ इथे आहे. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात हे खरं आहे. कारण मात्र वेगळं. हाड सतत झिजवलं जातं आणि सतत भरलं जातं. झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी जाते तेव्हा तो सुटतो, झीज वाढते, आणि भरणाऱ्या पेशींना ती भरून काढता येत नाही. पाळी जाण्याच्या आसपासची काही वर्षं मणक्याची घनता वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी कमी होऊ शकते. या आजाराचं नाव ऑस्टिओपोरोसिस. ‘ड’च्या मोठ्या कमतरतेने होतो तो ऑस्टिओमलेशिया. त्यात हाडात चुन्याचं बांधकामच नीट होत नाही, अंग ठणकतं, जिने चढताना मांड्यांत जोर राहत नाही. एकाच बाईला दोन्ही असू शकतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. या बायका दिवसभर उन्हात असतात. पण ज्यांची कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली गेली, त्यांचं इस्ट्रोजेन एका दिवसात संपलं आणि हाडांची झीज तिथून सुरू झाली. त्यांना ऊन कमी पडलं नव्हतं. अशा बाईला फक्त ‘डी’ची गोळी देऊन घरी पाठवणं हा अन्याय आहे.

मग गोळीने फ्रॅक्चर टळतात का? अमेरिकेत व्हायटल नावाच्या चाचणीत २५,८७१ जणांना घेतलं. पंचावन्नच्या पुढच्या बायका आणि पन्नाशीच्या पुढचे पुरुष. निम्म्यांना रोज २००० युनिट ‘ड’, निम्म्यांना खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा केला. २०२२ मध्ये निकाल आला: फ्रॅक्चरमध्ये फरक नाही. हे लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. उलट १९९२ सालच्या एका फ्रेंच अभ्यासात सरासरी ८४ वर्षांच्या, वृद्धाश्रमांत राहणाऱ्या बायकांना रोज ८०० युनिट ‘ड’ आणि भरपूर कॅल्शियम दिलं, तेव्हा खुब्याची फ्रॅक्चर बरीच कमी झाली. म्हणजे घराबाहेर न पडणाऱ्या, खरी कमतरता असलेल्या आजीला गोळीचा उपयोग आहे. बावन्न वर्षांच्या, पुरेसं ‘ड’ असलेल्या बाईला ती कवच देत नाही.

“आठवड्याला ६० हजार, कायमची.” हे वाक्य धोक्याचं. ६० हजारांना सातने भागा: रोजचे साडेआठ हजार युनिट होतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा आहे. तपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टर हाच डोस साधारण आठ आठवडे देतात आणि मग कमी करतात. ‘महिन्यातून एक’ ही चिठ्ठी ‘रोज एक’ अशी वाचली गेली, तर रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं वागणं आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. ‘ड’ चरबीत साठतं, त्यामुळे गोळी थांबवली तरी परिणाम लगेच ओसरत नाही.

जास्त घेतलं तर हाडं जास्त मजबूत होतील, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांची चाचणी झाली. काहींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट आणि बाकीच्यांना खोटं औषध दिलं. २०१० मध्ये निकाल लागला तो असा, की ‘ड’ घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. कॅनडातल्या कॅलगरीच्या २०१९ च्या चाचणीत तीन वर्षं रोज १० हजार युनिट घेणाऱ्यांची मनगटाजवळची घनता ४०० युनिट घेणाऱ्यांपेक्षा कमी भरली.

“अंगातून वाफा येणं थांबेल.” नाही थांबत. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये पाळी गेलेल्या हजारो बायकांना कॅल्शियम आणि ‘ड’ दिलं, तरी या त्रासांत फरक पडला नाही. वाफांनी झोप उडत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यावर खरे उपचार आहेत, ते मागून घ्या.

“सकाळी सातचं कोवळं ऊन.” मन प्रसन्न करायला उत्तम, पण त्यात यूव्हीबी जवळजवळ नसतं. तिरुपतीच्याच दुसऱ्या एका अभ्यासात सकाळी अकरा ते दुपारी दोन ही वेळ सर्वांत चांगली ठरली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन उपयोगाचं. काचेच्या खिडकीआडून नाही, काच यूव्हीबी अडवते. जेवणातून मिळतं ते थोडंच: बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक. ‘+एफ’ चिन्हाच्या पिशवीतल्या दुधात लिटरला २०० ते ३०० युनिट असतात, म्हणजे एका पेल्यातून साठेक युनिट.

“डॉक्टरांकडे जाऊ नका.” मुतखडा होऊन गेलेला, मूत्रपिंडाचा आजार, क्षयरोग, सारकॉइडोसिस, किंवा रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली गोळी चालू, यांपैकी काही असेल तर मोठ्या डोसने कॅल्शियम लवकर चढू शकतं. मेडिकलवाल्याला हे माहीत नसतं, ग्रुपवरच्या मैत्रिणीलाही नाही. उलट बाजूने, लॅबच्या रिपोर्टवर ३० च्या खालचा आकडा लाल दिसला म्हणून घाबरायचंही कारण नाही. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या मते बहुतेकांच्या हाडांना रक्ताच्या मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरतात. ३० ची रेषा अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, २०११ मध्ये आखली होती. २०२४ मध्ये त्याच संस्थेने ती मागे घेतली, आणि निरोगी माणसांनी ही तपासणी सरसकट करू नये असंही सांगितलं.

त्या तपासणीचे पैसे वाचवून पन्नाशीच्या बाईने हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्साबद्दल विचारावं. पासष्टीनंतर ती प्रत्येकीने करावी. त्याआधी कुणी करावी? पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल किंवा अंडाशयं काढली असतील, आईचा खुबा मोडला असेल, तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतले असतील, उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल, किंवा उंची कमी झाली असेल, तर तिने. डेक्साच्या रिपोर्टवरचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला तर अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड, डेनोसुमॅब अशी औषधं आहेत आणि त्यांनी फ्रॅक्चर कमी होतात. ही औषधं सुरू करण्याआधी डॉक्टर ‘ड’ आणि कॅल्शियम तपासून घेतात, कारण ते कमी असताना झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकपणे खाली येऊ शकतं. ‘ड’ची तपासणी या वेळी मात्र चुकवू नये.