दिवाळीचं तिकीट दिवाळीच्या पत्रावरच हवं

कॅनडा पोस्टने २०२३ साली काढलेल्या दिवाळीच्या तिकिटावर तोरण आहे. झेंडूची फुलं आणि आंब्याची पानं, आपण दसऱ्याला दाराला बांधतो तसंच. २०१७ मध्ये भारत आणि कॅनडाने मिळून दिवाळीची तिकिटं काढली होती. पुढे २०२० पासून कॅनडा दरवर्षी दिवाळीचं नवं तिकीट काढतो आहे. टोरांटोजवळ राहणारी माझी मावसबहीण त्यातलं एकेक लावून मला पत्र पाठवते. त्या पाकिटांना मी कात्री लावत नाही, आहेत तशी जपून ठेवते.

मी सणांची तिकिटं जमवते. ख्रिसमस, ईद, ज्यूंचा हनुक्का, दिवाळी, सगळ्या सणांची. या छंदात माझं एक ठाम मत बनलं आहे आणि आज ते सविस्तर लिहायचं आहे. सणाचं तिकीट टपालातून फिरलं पाहिजे. अल्बममध्ये कोरंच्या कोरं पडून राहिलेलं दिवाळीचं तिकीट म्हणजे शेजारी न पोचवलेला फराळ.

सणाचं तिकीट जन्मालाच आलं ते लोकांनी एकमेकांना पत्रं पाठवावीत म्हणून. 'ख्रिसमस' हा शब्द छापलेलं पहिलं तिकीट कॅनडाचंच, १८९८ चं. त्यावर जगाचा नकाशा, ब्रिटिश साम्राज्य लाल रंगात आणि खाली 'एक्समस १८९८'. ते साम्राज्याचा डांगोरा पिटणारं होतं हे खरंच, पण निमित्त टपालाचंच होतं. त्या वर्षी २५ डिसेंबरपासून साम्राज्यातल्या बऱ्याच देशांमधल्या पत्रांचा दर एक पेनी होणार होता. अमेरिकेचं पहिलं ख्रिसमस तिकीट १ नोव्हेंबर १९६२ रोजी पिट्सबर्गला निघालं. चार सेंटांचं, हिरव्या फांद्यांचं गोल तोरण आणि मेणबत्त्या. ३५ कोटी छापली होती, ती भराभर संपली आणि वर्ष सरेपर्यंत एकूण आकडा एक अब्जावर गेला. ही तिकिटं शुभेच्छापत्रांवर चिकटून घरोघर गेली होती. संग्राहक असून असून किती असणार!

ब्रिटनचं पहिलं ख्रिसमस तिकीट मला सगळ्यांत प्रिय आहे. १ डिसेंबर १९६६. मुलांची चित्रस्पर्धा घेतली आणि दोन चित्रं निवडली. त्यातलं तीन पेन्सवालं, पूर्वेकडच्या राजाचं चित्र, तस्वीर शेम्झा या सहा वर्षांच्या मुलीने काढलेलं. तिचे वडील अन्वर जलाल शेम्झा हे पाकिस्तानातून तिकडे गेलेले चित्रकार. सहा वर्षांच्या मुलीचा राजा राणीच्या छबीशेजारी बसून देशभर हिंडला. आपल्याकडे बालदिनाची तिकिटं १९५७ पासून निघत आली आहेत आणि त्यांवर मुलांची चित्रं कितीदा तरी आली आहेत. म्हणजे रस्ता तयार आहे. एखाद्या वर्षी दिवाळीच्या तिकिटासाठी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून किल्ल्यांची चित्रं मागवून पाहा. मावळे, भुयार, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ. असं तिकीट जगात कुणाकडे नसेल.

अमेरिकेच्या ईदच्या तिकिटाची गोष्ट मी तरुण संग्राहकांना नेहमी सांगते. सुलेखनकार मोहम्मद झकारिया यांनी निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत 'ईद मुबारक' लिहिलं. तिकीट १ सप्टेंबर २००१ रोजी निघालं. दहाच दिवसांनी ११ सप्टेंबर आला. तिकीट मागे घ्या, असाही सूर निघाला. टपाल खात्याने ते मागे घेतलं नाही. पुढच्या वर्षी दर ३४ सेंटांवरून ३७ वर गेला तेव्हा त्याच चित्राचं तिकीट नव्या दरात पुन्हा छापलं. २००१ च्या डिसेंबरचा शिक्का बसलेलं, खरोखर कुणाला तरी पाठवलेलं ईदचं पाकीट हातात घ्या. ते लावणाऱ्या माणसाने तेव्हा काय विचार केला असेल, हे कोऱ्या तिकिटाकडे बघून कधीच मनात येणार नाही.

अमेरिकेचं दिवाळीचं तिकीट यायला त्यानंतर पंधरा वर्षं गेली. रंजू बत्रा यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली. लोकप्रतिनिधी कॅरोलिन मलोनी यांनी त्यांना साथ दिली. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत ते निघालं. सोनेरी झगमगाटात एक पेटती पणती आणि तिच्या बुडाशी गुलाबाच्या पाकळ्या. ते 'फॉरेव्हर' जातीचं आहे, म्हणजे त्यावर किंमतच नाही. दर कितीही वाढला तरी देशातल्या साध्या पत्राला ते एकच पुरतं. त्या वर्षीचं वापरून उरलं असेल तर आजही चालेल. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते.

आता तारखांकडे बघा, कारण गोम तिथेच आहे. २०१६ ची दिवाळी ३० ऑक्टोबरला होती, म्हणजे लोकांच्या हाती साडेतीन आठवडे होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये दिवाळीची तिकिटं काढली ती १९ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला. भारत-कॅनडा तिकिटं २१ सप्टेंबर २०१७ ची, दिवाळी १९ ऑक्टोबरची. हे सगळं ठीक. पण भारत आणि इस्रायलने मिळून 'प्रकाशाचे सण' म्हणून दिवाळी आणि हनुक्काची तिकिटं काढली ती ५ नोव्हेंबर २०१२ रोजी, आणि लक्ष्मीपूजन होतं १३ तारखेला. आठ दिवस! एवढ्यात तिकीट संग्राहकांसाठीच्या पोस्टाच्या ब्युरोतून घरी येऊन, पाकिटावर लागून परदेशी कसं पोचायचं? ज्यांनी घेतलं त्यांनी अल्बमात ठेवलं.

त्या २०१२ च्या जोडीबद्दल मला आणखी बोलायचं आहे. इतकी सुंदर कल्पना आणि तिचा आपल्या मातीशी असलेला धागा कुणी उचललाच नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू म्हणजे आपले शनिवार तेली. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. मराठी बोलणारी माणसं. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांच्यात परंपरेने सांगतात. हनुक्का हा तेलाच्या दिव्यांचा सण, पण इतर ज्यूंशी संबंध येईपर्यंत तो या तेल गाळणाऱ्यांच्या परंपरेतच नव्हता. एकीकडे पणत्या, दुसरीकडे हनुक्काचे दिवे आणि मधे कोकणातला तेलाचा घाणा. यावर अलिबागहून एक स्पेशल कव्हर निघायला हवं होतं. स्पेशल कव्हरं ज्या त्या राज्याचं टपाल मंडळ काढतं, त्याला दिल्लीहून नवं तिकीट छापून आणावं लागत नाही. असलेलं तिकीट, नवं पाकीट आणि त्या जागेचा खास शिक्का. मनात आणलं तर आजही होईल.

आणि आपल्याच दिवाळीचं काय? २००८ च्या ऑक्टोबरात 'भारतातील सण' या मालिकेत दीपावलीचं आणि दसऱ्याची तिकिटं निघाली, मग २०१२, मग २०१७. दरवर्षी दिवाळीचं नवं तिकीट, अशी प्रथा मात्र पडली नाही. साध्या पोस्टाच्या काउंटरवर चित्राचं तिकीट मागितलं की बहुतेक वेळा मशीनमधून छापलेली चिठ्ठी हातात येते. स्मारक तिकिटं मिळतात ती फिलाटेली ब्युरोत, आणि ब्युरो म्हणजे मोठ्या शहरातलं मुख्य पोस्ट. वाईच्या किंवा कणकवलीच्या माणसाने पाच रुपयांच्या तिकिटासाठी एवढा प्रवास करायचा का? हौस असेल तर 'माय स्टॅम्प' आहे, आपल्या आवडीचं चित्र घालून मिळतं, पण पाच रुपयांच्या बारा तिकिटांच्या शीटला तीनशे रुपये पडतात. लग्नात आठवण म्हणून द्यायला छान. पत्रं पाठवायला परवडत नाही.

माझं मागणं फार नाही. दरवर्षी एक दिवाळीचं तिकीट, साध्या पत्राच्या दराचं. घटस्थापनेपर्यंत ते प्रत्येक तालुक्याच्या पोस्टात पोचलेलं असावं आणि ते शिक्का मारून पाठवा असं सांगितलं तर काउंटरवरच्या माणसाला नवल वाटू नये. राखीसाठी खातं दरवर्षी खास पाकिटं काढतंच ना? पावसात भिजू नयेत अशी, आणि लोक ती घेतातही. एका सणाला जमतं ते दुसऱ्यालाही जमेल.

फर्स्ट डे कव्हरवरून जुन्या जाणत्या संग्राहकांशी माझे वाद होतात. त्यांच्या मते कव्हर कोरं हवं, पत्ता नको, फक्त तिकीट आणि ते निघालं त्या पहिल्या दिवसाचा शिक्का. दिसायला ते देखणं असतं, मान्य. पण तशी कव्हरं गठ्ठ्याने मिळतात, एकासारखी एक. मी पत्ता घालून पोस्टात टाकते. मग त्यावर पोचल्याचा शिक्का बसतो, कधी कोपरा दुमडतो, कधी पोस्टमनच्या पेनाची रेघ येते. तारीख, गाव, घेणाऱ्याचं नाव, सगळं एका पाकिटावर. असं पाकीट जगात एकच असतं.

डेन्मार्ककडे बघून मला खरोखर भीती वाटते. ख्रिसमसच्या पाकिटांवर लावायचे सील, म्हणजे मदतीसाठी विकायच्या तिकिटासारख्या चिठ्ठ्या, तिथेच सुरू झाले, १९०४ साली. आयनार होल्बोल नावाच्या टपाल कारकुनाला ते सुचलं, क्षयाने आजारी मुलांसाठी पैसे उभे करायला. आपल्याकडचे २ ऑक्टोबरचे टीबी सीलही त्याच कुळातले. त्याच डेन्मार्कमध्ये २०२५ च्या डिसेंबरअखेर पोस्टनॉर्ड या सरकारी टपाल कंपनीने पत्रं वाटणं थांबवलं आणि रस्त्यांवरच्या लाल पेट्या काढून टाकल्या. कारण एकच, लोक पत्रं पाठवेनासे झाले. आपल्याकडे पेट्या अजून आहेत.

जमवायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं. पाकिटाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पावसाळ्यात अल्बम आडवे रचू नका, उभे ठेवा आणि उघडीप मिळाली की पानं चाळा, नाहीतर डिंक ओला होऊन तिकीट पानालाच चिकटतं. घरी आलेल्या पाकिटावरचं तिकीट भिजवून काढायची घाई करू नका. अख्खं पाकीट ठेवा.

या दिवाळीला मला पत्र पाठवायचं असेल तर पत्ता इनबॉक्समध्ये मागा. पोस्टकार्डही चालेल. मशीनची चिठ्ठी नको, तिकीट लावा, आणि शिक्का हाताने आणि स्पष्ट मारून द्या असं काउंटरवर सांगा. प्रत्येकाला मी उलट टपाली उत्तर पाठवेन, माझ्याकडची २०१७ ची दिवाळीची तिकिटं लावून. ती त्यासाठीच राखून ठेवली आहेत.